काचेच्या धाग्याची खळ

मालेगावात आमचे आजोबा हातमागावर लुगडी विणत. पुढे अब्बांनी यंत्रमाग घेतले, पण सुताला खळ देण्याचं काही सुटलं नाही. ताण्याला पिठाची खळ नसेल, तर सूत मागावर घासून तुटतं. मात्र तेच कापड रंगवायचं झालं, की आधी खळ धुऊन काढावी लागते. नाहीतर रंग नीट धरत नाही. मी बी.ए. झालेला कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाशी माझा संबंध वाचनापुरताच. पण फायबरग्लासचा इतिहास वाचताना मला आमच्या घरची ही खळ आठवली.

अमेरिकेत १९३०च्या दशकात वितळलेल्या काचेपासून केसाहून बारीक तंतू मोठ्या प्रमाणावर निघू लागले. १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी याच धंद्यासाठी उभी राहिली. काच ठिसूळ खरी, पण तिचा बारीक तंतू ताणाला फार बळकट. त्याचं कापड विणून पॉलिस्टरच्या पातळ रेझिनमध्ये भिजवलं आणि घट्ट होऊ दिलं, की हलका, मजबूत पत्रा तयार होतो. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या रडारवरची झाकणं अशा पत्र्याची होऊ लागली. धातू रडारच्या लहरी अडवतो, हा पत्रा त्या जाऊ देतो.

अडचण निघाली ती सांध्यात. काचेचा धागाही मागावर घासून तुटतो, म्हणून त्याला स्टार्च आणि तेलाची खळ देत. ती खळ रेझिनला काचेपर्यंत पोहोचू देईना. मग कापड भट्टीत तापवून ती जाळून टाकावी लागे. तरी प्रश्न संपला नाही. काचेला पाण्याची ओढ भारी. ओल लागली, की पाणी काच आणि रेझिन यांच्या मध्ये शिरे आणि पत्र्याचं बळ घटे. ज्या पत्र्याची होडी बांधायची, त्याचा घात पाण्यानेच व्हायचा!

१९४७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या राल्फ विट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलाला एक गोपनीय अहवाल दिला. त्यांनी काचेच्या तंतूंवर सिलिकॉन असलेली सिलेन नावाची रसायनं लावून पाहिली होती. ज्या सिलेनचं टोक रेझिनशी जुळणारं होतं, त्याचा पत्रा न जुळणाऱ्या सिलेनच्या पत्र्यापेक्षा सुमारे दुप्पट बळकट निघाला. सिलेनच्या रेणूचं एक टोक काचेला धरतं, दुसरं रेझिनमध्ये गुंफलं जातं. डाऊ कॉर्निंगमधले एडविन प्लूडमन यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केलं. त्यांचा ग्रंथ १९८२ मध्ये आला. आता तंतू ओढतानाच त्याला सिलेन असलेली खळ देता येते. ती जाळावी लागत नाही. तीच धागा राखते आणि तीच रेझिनशी नातं जुळवते.

कार्बनच्या तंतूंचंही असंच झालं. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरोला ते तयार झाले, पण रेझिन त्यांना नीट धरेना. अखेर तंतूंच्या पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण करून ती पकड वाढवावी लागली.

मग पकड जितकी घट्ट तितकी चांगली का? तसंही नाही. १९६४ मध्ये कुक आणि गॉर्डन यांनी दाखवलं, की सांधा थोडा सैल असेल, तर येणारा तडा तिथे वळतो आणि बोथट होतो. सांधा फारच घट्ट असेल, तर तो एका तंतूतून दुसऱ्यात सरळ घुसतो.

घरात उर्दू बोलून मराठीत कविता लिहिणाऱ्या मला सांध्याचं मोल वेगळं सांगायला नको. आजोबा खळ चिमटीत घेऊन पाहत. म्हणत, पातळ झाली तर सूत घासून तुटतं, दाट झाली तर काडीसारखं होऊन तुटतं. काचेचा धागा त्यांनी कधी पाहिला नव्हता.