फाँटचे परावलंबन आणि वऱ्हाडातील मराठी संगणकीय मजकूर : एक ऐतिहासिक विचार

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पूज्य स्थान होय. या पंथाचे ग्रंथ कित्येक शतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले जात. अक्षरांच्या अदलाबदलीची किल्ली ठाऊक असल्यावाचून पोथी वाचता येत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांनी ती किल्ली उलगडली आणि आद्य मराठी गद्याचे दालन अभ्यासकांना खुले झाले. अमरावती-अकोला परिसरातील महाविद्यालयांत १९९० नंतर संगणकावर टंकलिखित झालेला बराचसा मराठी मजकूरही असाच किल्लीबंद आहे. फरक एवढाच की, ही किल्ली कोणी हेतुपुरस्सर लपविलेली नाही.

संगणकशास्त्रात एखादी आज्ञावली इतरांनी रचलेल्या ज्या घटकांवर विसंबून असते, त्यांना 'डिपेन्डन्सी' म्हणतात. यापुढे अमुक घटक वापरू नये असे मूळ निर्मात्याने जाहीर केले की तो 'डेप्रिकेटेड' ठरतो. पीएचपी या भाषेतील मायएसक्यूएल जोडणीची जुनी फंक्शन्स २०१३ च्या ५.५ आवृत्तीत त्याज्य ठरली व २०१५ च्या ७.० आवृत्तीत वगळण्यात आली. मधल्या काळात ती वापरणाऱ्यास तशी सूचना मिळत असे. मराठी फाँटच्या बाबतीत मात्र अशी सूचना देणारे कोणीच नव्हते.

वास्तविक १९९१ मध्येच भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक प्रमाणित झाले होते, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरीही मुद्रणालये व टंकलेखन केंद्रे यांनी कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँटचा आश्रय घेतला. यात टंकलेखकाचा दोष मानणे योग्य नव्हे. रेमिंग्टन यंत्रावर बसलेला त्याचा हात कृतिदेववर तसाच चालत असे. परंतु या पद्धतीत संगणक मराठी अक्षर साठवीतच नाही. 'मराठी' हा शब्द तेथे ई, जे, के, बी, एच अशा पाच रोमन अक्षरांच्या रूपाने असतो. त्यांवर मराठी आकार चढविण्याचे काम फाँट करतो. ऱ्हस्व वेलांटीही उच्चाराच्या क्रमाने नव्हे, तर दिसण्याच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठविली जाते. फाँट नाहीसा झाला की मजकूर निरर्थक होतो.

शिवाय हे परावलंबन एकपदरी नाही. नियतकालिकांची पाने पेजमेकरमध्ये जुळविली जात. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची. इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या त्या फाइल उघडीत, पुढच्या उघडीत नाहीत. जुन्या टाइप १ फाँटचा आधार अडोबीने २०२३ मध्ये काढून घेतला.

छापील प्रत व पीडीएफ डोळ्यांना निर्दोष दिसतात, म्हणून दोष लक्षात येत नाही. पीडीएफमधील एक ओळ उचलून साध्या मजकूर-फाइलीत ठेवावी. रोमन अक्षरे उमटली तर निदान झाले. दस्तऐवजाच्या गुणधर्मांतील फाँटची यादीही तेच सांगते. प्रस्तुत लेखकाने एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकाच्या जुन्या फाइली अशा तपासल्या, तेव्हा वऱ्हाडी ओव्यांचे एक संकलन केवळ चिन्हांच्या रांगा होऊन समोर आले. छापील अंक ग्रंथालयात होता, म्हणून ते वाचले.

प्रबंधांबाबत चिंता अधिक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर प्रबंध 'शोधगंगा'वर ठेवले जाऊ लागले. कृतिदेवमधील प्रबंधाच्या अंतरंगात मराठी शब्द शोधू गेल्यास तो सापडत नाही, आणि वाङ्मयचौर्य तपासणारी आज्ञावलीही तो मराठी म्हणून वाचू शकत नाही. म्हणजे एखाद्या संशोधकाचे श्रम कोणी उचलले, तरी ते उघडकीस येण्याची शक्यता कमी. रूपांतरक आज्ञावल्या उपलब्ध आहेत. पण जोडाक्षरे व रफार यांत त्या चुकतात, आणि चूक ओळखण्यासाठी मूळ फाँट बसविलेला एखादा जुना संगणक शेजारी असावा लागतो. असे संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यांतील फाँटची नोंद करून घ्यावी, अशी विनंती संबंधित विभागास केली आहे.