सिद्धगड: राजाशिवायचा इतिहास

शहापूर-मुरबाडकडे ट्रेकला जाणाऱ्या मंडळींना माहुली माहीत असतो, नाणेघाट तर तोंडपाठच. १६३६ साली शहाजीराजे माहुलीवर वेढ्यात सापडले, नाणेघाटाच्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे, वगैरे वगैरे. पण शेणव्याहून किन्हवली, मुरबाड करत म्हसा गाठलं आणि डोंगराच्या दिशेने निघालं, की सिद्धगड लागतो. त्याच्या पायथ्याचा इतिहास राजाराणीचा नाही, एका वकिलाचा आहे.

विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरान, नाभिक समाजातलं गरीब घर. वकील झाले, म्हणजे आता आरामात प्रॅक्टिस करायला हरकत नव्हती. पण हा माणूस शेतकऱ्यांसाठी धान्यकोठार काढत बसला! कारण सरळ होतं. पावसाळ्यात घरातलं भात संपायचं, मग सावकाराकडून दाणे उचलायचे आणि सुगीला दामदुपटीने फेडायचे. हे चक्र तोडायचं, तर गावाचं स्वतःचं कोठार हवं.

मग आलं १९४२. कोतवालांनी भूमिगत होऊन 'आझाद दस्ता' उभारला. यातली माणसं म्हणजे आसपासच्या गावांतलेच शेतकरी आणि आदिवासी. आणि त्यांचं लक्ष्य काय, तर मुंबईला वीज नेणारे मनोरे! आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टीमचा कच्चा दुवा त्यांनी अचूक हेरला. सह्याद्रीच्या पायथ्याच्या केंद्रांतली वीज याच तारांनी मुंबईत जायची, गिरण्या आणि रेल्वे त्यावर चालायच्या. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ मध्ये दस्त्याने ११ मनोरे पाडले. गंमत बघा, ज्या गावांच्या डोक्यावरून या तारा जायच्या, तिथे रात्री रॉकेलची चिमणीच पेटायची.

पुढे दस्ता सिद्धगडच्या जंगलात असताना खबर फुटली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी गाठलं. हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल गोळीबारात मारले गेले. कोतवाल तेव्हा जेमतेम तिशीचे होते. आपल्यातल्या कित्येकांचं तेवढ्या वयात नुसतं होम लोनचं गणित चालू असतं.

असो. सांगायचा मुद्दा असा, की किल्ल्याचा बुरूज ढासळला तरी दगड उरतात. सिद्धगडला जे घडलं ते मात्र एका पहाटेचं, दगडावर काही न उमटवणारं. स्मारक नंतर झालं. ते ठिकाण जिवंत ठेवलं ते दर २ जानेवारीला तिथे जमणाऱ्या, आजूबाजूच्या गावांतल्या माणसांनी. २०२० साली कोतवालांवर मराठी सिनेमाही आला, पण लोक त्याच्या कितीतरी आधीपासून जमत होते.

तेव्हा पुढच्या वेळी सिद्धगडला गेलात, तर सुळक्याचे फोटो जरूर काढा, पण आधी स्मारकापाशी थांबा. आणि गावात कुणी म्हातारंकोतारं भेटलं, तर दस्त्याबद्दल विचारा. आपल्या पुस्तकात न आलेलं बरंच काही अशा घरांमधून सांगितलं जातं.