जमीन तीच, सातबारा नवा

इकडे अमेरिकेत मे महिन्यात मेमोरियल डे आणि सप्टेंबरात लेबर डे आला की सोमवार जोडून तीन दिवस सुट्टी मिळते. लोक समुद्रावर जातात आणि डेटाबेस सांभाळणारी आमची जमात ऑफिसात मुक्कामाला! मोठा सर्व्हर बंद ठेवायला एवढीच काय ती फट. एकेकाळी हे तीन दिवसही पुरत नसत, आज तेच काम काही मिनिटांत होऊ शकतं. हे कसं घडलं?

उदाहरण घेतो पोस्टग्रेसचं. १९८६ मध्ये बर्कलेला मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेला हा प्रकल्प १९९६ पासून पोस्टग्रेस-एसक्यूएल नावाने ओळखला जातो. साधारण दरवर्षी मोठी आवृत्ती येते आणि तिची डागडुजी पाच वर्षं होते. नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद. म्हणजे बिऱ्हाड हलवणं कुणालाच चुकत नाही.

जुनी रीत सरळ होती. सगळा डेटा मजकुराच्या रूपात बाहेर काढायचा, नव्या आवृत्तीत परत भरायचा आणि प्रत्येक इंडेक्स नव्याने बांधायचा. डेटा टेराबाइटमध्ये गेला की दिवसच्या दिवस जात. पण एक सुख होतं. जुना डेटा जागच्या जागी शाबूत असे. नवं काही बिघडलं तर रविवारी रात्री मुकाट्याने मागे फिरता येई.

मग एक गोष्ट लक्षात आली. आवृत्ती बदलली तरी तक्त्यांच्या फायलींची मांडणी क्वचितच बदलते. बदलतो तो कॅटलॉग, म्हणजे कुठला तक्ता कुठे आहे याची नोंदवही. जमीन तीच, बदलायचा फक्त सातबारा! ब्रूस मॉम्जियन यांनी २००९ मध्ये याच कल्पनेवरचं पीजी-मायग्रेटर पुढे आणलं. २०१० च्या ९.० आवृत्तीत ते पीजी-अपग्रेड नावाने पोस्टग्रेससोबतच मिळू लागलं. त्यातली लिंक पद्धत तर फायलींची नक्कलही करत नाही. त्याच फायलींना नव्या घरातून दुसरं दार पाडून देते.

पण फुकट काहीच नसतं. नव्या मालकाने एकदा नांगर घातला की जुना सातबारा रद्दी. लिंक पद्धतीत नवा सर्व्हर सुरू झाला की जुना पुन्हा सुरक्षितपणे चालवता येत नाही. मागे फिरायचं तर बॅकअपमधूनच. वेळ वाचला, पण परतीची वाट गेली.

दुसरी गंमत अशी, की कोणत्या तक्त्यात काय आणि किती आहे याचे डेटाबेसने बांधलेले अंदाज सोबत येत नसत. नव्या तलाठ्याकडे दप्तर आहे, पण गावाची ओळख नाही. एक गट शोधायला सगळं शिवार पालथं घालतो. मी नुकताच रुजू झालो होतो त्या एका कंपनीत असंच झालं. सर्व्हर झटपट उभा राहिला, शनिवारी टाळ्या पडल्या. मंगळवारी सकाळी ग्राहक आले आणि सगळं गोगलगाय! अंदाज नव्याने गोळा झाल्यावर गाडी रुळावर आली. हे अंदाज अपग्रेडमध्ये टिकण्याची सोय २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत झाली.

परतीच्या वाटेवर उत्तर मिळालं ते २०१७ च्या १० व्या आवृत्तीत, लॉजिकल रेप्लिकेशनमुळे. जुना सर्व्हर चालू असतानाच त्यातले बदल नव्या आवृत्तीच्या सर्व्हरवर उतरत राहतात. दोन्ही जुळले की ग्राहकांना इकडून तिकडे वळवायचं. नंतर प्रवाह उलटा केला तर जुनाही ताजा राहतो, म्हणजे मागे यायला जागा! मात्र बिलांना वगैरे क्रमांक देणारे गणक त्या सोयीत आपोआप येत नव्हते. ते हाताने पुढे सरकवले नाहीत तर आधीच दिलेले क्रमांक पुन्हा निघत.

तेव्हा मंडळी, कुणी "दहा मिनिटांत अपग्रेड करून देतो" म्हणालं तर आनंदाने ऐका. पण अकराव्या मिनिटाला मागे फिरावं लागलं तर कुठून फिरायचं, हे आधी विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. नांगर त्यानंतर.