पदव्युत्तर परिचर्या शिक्षण (दिल्ली विद्यापीठ)

दिल्ली विद्यापीठातील पदव्युत्तर परिचर्या शिक्षण ही भारतातील या स्तरावरील शिक्षणाची सुरुवात होय. आज राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिचर्या महाविद्यालयात १९५९ साली ‘मास्टर ऑफ नर्सिंग’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. महाविद्यालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत असून पदवी दिल्ली विद्यापीठाची मिळते.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, दिल्लीत परिचर्या प्रशासनाची शाळा निघाली. रुग्णालयांतील परिचारिकांना शिकविणाऱ्या ‘सिस्टर ट्यूटर’ तयार करणे हे तिचे एक मुख्य काम होते. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक प्रशिक्षित परिचारिका होती. त्याच वर्षी या शाळेतून परिचर्या महाविद्यालय उभे राहिले व चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. वेल्लोर येथील पदवी शिक्षणही त्याच वर्षीचे. मात्र पदवीधर परिचारिकांना पुढे शिकायचे असेल तर परदेशी जाण्यावाचून पर्याय नव्हता. १९५९ च्या अभ्यासक्रमाने ही अडचण दूर केली. पुढे १९८६ मध्ये येथे एम.फिल.ही सुरू झाले.

अभ्यासक्रम

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे एम.एस्सी. परिचर्येच्या पाच प्रमुख विशेष शाखा आहेत : वैद्यकीय-शल्य, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य परिचर्या. प्रवेशासाठी पदवीबरोबरच किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. ही अट महत्त्वाची आहे, कारण रात्रपाळी न केलेल्या व्यक्तीला रात्रपाळीचे व्यवस्थापन शिकविणे कठीण. विद्यार्थ्यांना वॉर्डातील प्रत्यक्ष काम, अध्यापनाचा सराव आणि प्रबंध ही तिन्ही अंगे पूर्ण करावी लागतात. देशभरातील प्रबंधांत ‘शिकवणीपूर्वी व शिकवणीनंतर ज्ञानाची चाचणी’ हा साचा फार आढळतो. तो सोयीचा आहे, पण रुग्णाच्या प्रकृतीत नेमका काय फरक पडला हे त्यातून क्वचितच कळते.

मराठीत या विद्येला ‘परिचर्या’ व ‘शुश्रूषा’ असे दोन शब्द रूढ आहेत. ‘शुश्रूषा’चा मूळ संस्कृत अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा असून, रुग्णाशी संवाद हा विषय अभ्यासक्रमात असल्याने तो येथे अगदीच अस्थानी ठरत नाही.

परिणाम

या शिक्षणाचा मोठा लाभ अध्यापनक्षेत्राला झाला. परिचर्या महाविद्यालयांची संख्या वाढत गेली तशी अध्यापकपदांसाठी पदव्युत्तर पदवीची मागणीही वाढली. महाराष्ट्रात मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ चे आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातील अनेक परिचर्या महाविद्यालये संलग्न आहेत.

रुग्णशय्येपाशी मात्र चित्र वेगळे आहे. शासकीय रुग्णालयांत बढती प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेवर मिळते, त्यामुळे अतिदक्षता विभागाचे विशेष ज्ञान मिळविलेली अधिपरिचारिका बहुधा वर्गाकडे वळते आणि वॉर्ड तिच्या ज्ञानाला मुकतो. ही उणीव भरून काढण्यासाठी परिचर्या परिषदेने गेल्या दशकात अतिदक्षता क्षेत्रातील ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. त्यात बहुतांश वेळ वर्गात नव्हे, रुग्णसेवेत जातो. या परिचारिकांसाठी स्वतंत्र पदे निर्माण करणे हे राज्यांच्या हाती आहे. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला.