विश्लेषण : रसायन गळतीशी लढणारे पथक सज्ज ठेवायचे म्हणजे काय? पिंपरी-चिंचवड, चाकणसाठी ते का महत्त्वाचे?

२०२३ च्या अखेरच्या तीन महिन्यांत पिंपरी-चिंचवडमध्ये तीन वेगवेगळे अपघात झाले. ८ ऑक्टोबरच्या रात्री ताथवडे येथे टँकरमधून बेकायदा सिलिंडर भरताना स्फोट झाले आणि शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या बस जळाल्या. दोनच दिवसांनी कासारवाडीत महापालिकेच्या जलतरण तलावावर क्लोरीनची गळती झाली. सुमारे २० जणांना रुग्णालयात न्यावे लागले. ८ डिसेंबरला तळवडे येथे केकवर लावायच्या शोभेच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. त्याच दिवशी ६ जणांचा मृत्यू झाला आणि पुढे हा आकडा वाढला.

पहिल्या घटनेत ज्वलनशील गॅस, दुसरीत विषारी वायू, तिसरीत पेट घेणारी दारू. प्रत्येकाशी लढण्याची पद्धत निराळी आहे.

या पट्ट्यात धोका कशाचा?

वाहन उद्योगाचा पट्टा म्हटले की रसायने चटकन आठवत नाहीत. पण पेंट शॉपमध्ये थिनर असते, भट्ट्यांना एलपीजी किंवा प्रोपेन लागतो, शीतगृहात अमोनिया असतो आणि पाणी शुद्ध करायला क्लोरीन. भोसरीसारख्या भागात प्लेटिंगची छोटी युनिट्स आहेत. तिथे सायनाइडचे क्षार आणि आम्ल एकत्र आले, तर हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू तयार होतो. शिवाय महामार्गांवरून रात्रंदिवस टँकर धावतात.

हे पथक नेहमीच्या अग्निशमन पथकाहून वेगळे कसे?

आग दिसते, वायू अनेकदा दिसत नाही. त्यामुळे हे पथक आधी वाऱ्याची दिशा पाहते, रसायन ओळखते आणि जागेचे तीन भाग करते. गळतीजवळच्या भागात फक्त पूर्ण सूट घातलेले जवान जातात. मधल्या भागात त्यांच्या अंगावरचे रसायन धुतले जाते. बाहेरच्या सुरक्षित भागात नियंत्रण कक्ष आणि रुग्णवाहिका असतात. दोन जवान आत गेले, तर तशीच तयारी केलेले आणखी दोघे बाहेर उभे राहतात.

पाणी मारणे हा प्रत्येक वेळी उपाय नसतो. क्लोरीनच्या गळतीवर थेट पाणी मारले तर आम्ल तयार होऊन धातू झिजतो आणि छिद्र मोठे होते. मिथेनॉलच्या आगीवर साधा फोम विरून जातो. त्यासाठी अल्कोहोलला टिकणारा फोम लागतो.

साहित्य घेतले की पथक सज्ज झाले का?

नाही. हे साहित्य कपाटात पडल्या पडल्याही निकामी होते.

*श्वसन यंत्र (बीए सेट) :* ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे २,००० लिटर हवा मावते. कष्टाच्या कामात मिनिटाला साधारण ४० लिटर हवा लागते, म्हणजे हिशेबाने ५० मिनिटे. त्यातून आत जाणे, परतणे, अंग धुऊन घेणे आणि राखीव हवा वजा केली, तर प्रत्यक्ष कामाला निम्माच वेळ उरतो. दाब २५० बारवर उतरलेला असेल, तर आणखी आठ मिनिटे गेली. म्हणून प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला दाब तपासून नोंदवावा लागतो.

*गॅस डिटेक्टर :* विषारी वायू ओळखणारे अनेक सेन्सर न वापरताही दोन-तीन वर्षांत संपतात. संपलेला सेन्सर शून्य दाखवतो आणि शून्याचा अर्थ 'हवा सुरक्षित' असा घेतला जातो. म्हणून कामावर नेण्यापूर्वी त्याला ठरावीक प्रमाणाचा नमुना वायू देऊन तो खरेच वाजतो का, हे पाहतात.

*रासायनिक सूट :* घडीवर भेगा पडतात, चेन झिजते. सूटमध्ये हवा भरून दाब टिकतो का, हे ठरावीक काळाने तपासतात.

*क्लोरीन किट :* १०० किलोचा सिलिंडर आणि ९०० किलोचा टोनर यांची किट वेगळी असतात. त्यातले एक गॅस्केट कडक झाले, तरी गळती बंद होत नाही.

माणसांचेही तसेच. पूर्ण बंद सूटमध्ये घाम वाळत नाही, शरीर झपाट्याने तापते. आत जाण्यापूर्वी आणि आल्यावर नाडी व रक्तदाब पाहिला जातो. जाड हातमोज्यांत नट आवळण्याची सवय सरावानेच होते.

कायदा काय सांगतो?

भोपाळ दुर्घटनेनंतर १९८९ मध्ये घातक रसायनांबाबतचे नियम आले, तर १९९६ मध्ये रासायनिक अपघातांच्या नियोजनाचे. मोठा साठा असलेल्या कारखान्याने स्वतःचा आपत्कालीन आराखडा करून दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल घ्यायचे असते. जिल्हा गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्याखाली स्थानिक गट असतात. कारखान्यांवर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची देखरेख असते. शेजारचे कारखाने 'मार्ग' या परस्पर मदत गटातून एकमेकांना माणसे आणि साहित्य पुरवतात. मोठ्या संकटात मावळातील सुदुंबरे येथील एनडीआरएफची पाचवी बटालियन मदतीला येऊ शकते.

मग त्रुटी कुठे राहते?

हे नियम साठ्याच्या प्रमाणावर चालतात. आपत्कालीन आराखडा सक्तीचा होण्यासाठी क्लोरीनची मर्यादा १० टन आहे. जलतरण तलावावरचा सिलिंडर त्याच्या कितीतरी खाली राहतो. सुरुवातीच्या तिन्ही घटना मोठ्या कारखान्यातल्या नव्हत्या. त्या रस्त्याकडेला, तलावावर आणि छोट्या युनिटमध्ये घडल्या. अशा ठिकाणी स्वतःचे पथक नसते. तिथे सगळी भिस्त महापालिका, एमआयडीसी आणि पीएमआरडीएच्या अग्निशमन केंद्रांवर असते. म्हणून तिथल्या सिलिंडरचा दाब आणि सेन्सरची मुदत हा थेट नागरिकांच्या जिवाचा प्रश्न आहे.

गळती झाली तर नागरिकांनी काय करावे?

• व्हिडिओसाठी थांबू नका. वाऱ्याला आडवे चालत दूर जा.
• क्लोरीन आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतात, खोलगट जागी साचतात. उंच भागाकडे जा. एलपीजीचा वास आल्यास गाडी किंवा दिव्याचे बटण चालू-बंद करू नका.
• टँकरवरचा चार अंकी क्रमांक लांबूनच वाचा : १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ अमोनिया, १०७५ एलपीजी.
• ११२ किंवा १०१ वर फोन करून ठिकाण, तो क्रमांक आणि वारा कुठे वाहतो ते सांगा. कोणता सूट आणि कोणते किट घेऊन निघायचे, हे पथकाला त्यावरून ठरवता येते.