फोटोची किंमत कागदाची की नजरेची?

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून.

मी मूळचा कारंजा लाडचा, जिल्हा वाशिम. बीटेक केलं, आता पुण्यात कोड लिहितो. बाबांचा गावात फोटो स्टुडिओ आहे, त्यामुळे कॅमेरा घरचाच. कारंजा-सोहोळ अभयारण्यात चार पहाटे घालवल्या, तेव्हा कुठे काळविटाचा एक मनासारखा फोटो मिळाला. एका ओळखीच्यांनी त्याची बारा बाय अठराची फ्रेम मागितली. मी १,५०० रुपये घेतले. प्रिंट ३५०, फ्रेम ६००, पॅकिंग आणि कुरिअर २५०. म्हणजे खर्च १,२०० आणि हातात ३००. पेट्रोल तर धरलंच नाही! मग त्यांचा फोन आला, "ऑफिससाठी अजून दहा हवेत. हजाराला एक लावा."

म्हणजे दहा फोटो विकून दोन हजारांचा तोटा. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "आपण साइजचे पैसे घेतो बापा. नजरेचे कोन देते?"

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून आधी लोकांनी काय केलं ते शोधायला बसलो.

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. १८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन या दोघांनी एक मासिक अल्बम काढला. प्रत्येक अंकात तीन खरे फोटो चिकटवलेले असायचे. त्या काळी काचेची निगेटिव्ह कागदावर ठेवून उन्हात एकेक प्रत काढावी लागे. म्हणजे प्रत्येक प्रतीत मेहनत होती, आणि प्रती आपोआपच कमी निघायच्या.

नंतर आला छापखाना. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मांकडून १४ चित्रं ५०,००० रुपयांना करून घेतली. सरासरी साडेतीन हजारांच्या वर एक, तेही त्या काळात! ती चित्रं राजवाड्यात गेली. सामान्य माणसासाठी रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात लिथो प्रेस काढला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा. दगड तयार करण्यातच मोठा खर्च, पण एकदा ते तयार झाले की पुढची प्रत स्वस्त. अगदी सॉफ्टवेअरसारखं: कोड एकदा लिहायचा, कॉपी कितीही काढायच्या. लक्ष्मी-सरस्वतीची ती चित्रं घरोघरी देव्हाऱ्यात पोचली. पण धंद्याचं गणित बसलं नाही. त्यात प्लेगची साथ आली, प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला आणि शेवटी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. तरी मूळ चित्रांचा भाव काही पडला नाही. आज ती कोटींत जातात. कारण मूळ वेगळं आणि छापील वेगळं, हे घेणाऱ्याला स्पष्ट माहीत होतं.

फोटोची अडचण नेमकी हीच आहे. त्यात 'मूळ' असं काही नसतंच, सगळ्या प्रती सारख्या. मग किती काढायच्या हे फोटोग्राफरनेच ठरवायचं. आंद्रेआस गुर्स्कीने 'राइन २' च्या फक्त सहा प्रती केल्या. त्यातली एक २०११ मध्ये ४३ लाख डॉलरला गेली. पण कमी प्रती हेच सगळं नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९४१ च्या 'मूनराइज' फोटोच्या आयुष्यभर शेकडो प्रती काढल्या. तरी २००६ मध्ये एक प्रत सहा लाख डॉलरच्या वर गेली, कारण त्या त्याने स्वतः डार्करूममध्ये काढलेल्या होत्या.

यातून मी माझा हिशेब मांडला. आधी सगळा खर्च, खराब झालेल्या टेस्ट प्रिंटसकट. मग त्या चार पहाटेंचे पैसे, ठरलेल्या प्रतींमध्ये वाटून. आकडा एकदा जाहीर केला की वाढवायचा नाही. आणि भाव नंतर चढवता येतो, पण उतरवला तर पहिल्या गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं होतं.

मी एकूण २५ प्रती ठरवल्या, फ्रेमसकट ३,५०० ला एक. पहिली १,५०० ला गेली होती, ती चूक माझी, पण तीही २५ मध्ये धरली. ओळखीचे थोडे नाराज झाले. दहाऐवजी दोनच घेतल्या. पण दोन हजारांच्या तोट्याऐवजी ४,६०० रुपये उरले.

त्या दोन्ही फ्रेम बाबांनीच बसवल्या. मागे पेन्सिलने २/२५, ३/२५ लिहिलं आणि मला विचारलं, "मायाजोळ जुन्या जत्रेचे निगेटिव्ह हायेत. त्याईचं काय धरशील?"

बाबांना अजून आकडा सांगितलेला नाही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!