मुळशीचं पाणी आणि जिन्याखालची बॅटरी

रोह्याच्या घरावर ३ किलोवॅटचे सोलर पॅनेल बसवले आणि जिन्याखाली ५ युनिटची लिथियम बॅटरी. तेव्हापासून येणारा-जाणारा एकच विचारतो, "अरे, पॅनेल ठीक, पण बॅटरी कशाला? उगाच खर्च!" मंडळी, या प्रश्नाचं उत्तर द्यायला १०० वर्षं मागे जावं लागतं.

खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. टाटांची ही तिन्ही जलविद्युत केंद्रं आपल्याच जिल्ह्यातली (तेव्हाचा कुलाबा, १९८१ पासून रायगड). युक्ती साधी. घाटमाथ्यावर धरण बांधायचं, पावसाळ्याचं पाणी अडवायचं आणि लागेल तसं नळातून कोकणात सोडायचं. भिऱ्यासाठी मुळशीचं धरण झालं. जमिनी बुडणार म्हणून १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, पण धरण झालंच. जमीन मावळची, पॉवरहाऊस कोकणातलं आणि वीज मात्र मुंबईला!

आता जरा हिशोब (सवय जात नाही हो). मुळशीचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं. एवढ्या उंचीवरच्या १,००० लिटर पाण्यातून साधारण सव्वा युनिट वीज निघते. म्हणजे माझी जिन्याखालची बॅटरी = घाटमाथ्यावरच्या हजार लिटरच्या चार टाक्या. थोडक्यात, मुळशीचा तलाव ही एक अवाढव्य बॅटरीच आहे. भिऱ्याला पुढे १५० मेगावॅटचा उलटा चालणारा संचही बसला. जादा वीज असेल तेव्हा तो पाणी परत वर चढवू शकतो, म्हणजे अक्षरशः चार्जिंग! आणि वीज देऊन झालेलं पाणी कुंडलिकेतून कोलाडवरून आमच्या रोह्याला येतं. बॅटरी आमच्या उशाशी, पण बटण दुसऱ्याच्या हातात.

ते बटण कुणाच्या हातात आहे, हे २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत नीट कळलं. मुंबईत दिवे चालू आणि इकडे तासन् तास अंधार. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. खांब आडवे झाले, कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात राहिली. आणि यातली गोम अशी की नुसते पॅनेल असून अशा वेळी काही उपयोग नसतो. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतःहून बंद पडतो. तसं असायलाच हवं, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. म्हणजे डोक्यावर ऊन, छपरावर पॅनेल आणि घरात पंखा बंद! हायब्रिड इन्व्हर्टर घराला लाईनपासून तोडतो आणि बॅटरीवर चालू ठेवतो. सरकारची २०२४ ची सूर्यघर योजना ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान देते ते पॅनेलसाठी. बॅटरीचे पैसे आपलेच.

मात्र बॅटरी म्हणजे स्वातंत्र्य, असंही कुणी समजू नये. पेणचे गणपतीचे कारखाने बघा. रंगकामाची घाई असते आषाढ-श्रावणात, म्हणजे नेमकी ऊन सगळ्यात कमी असताना. पॅनेल कशीबशी थोडी वीज देणार आणि रंगाचा कॉम्प्रेसर बॅटरी बघता बघता पिऊन टाकणार. तिथे लाईनच हवी. माझ्या ५ युनिटांत फ्रिज, दोन पंखे, दिवे आणि वायफाय एवढी एक रात्र निघते. मुळशी चार महिन्यांचा पाऊस वर्षभर पुरवते, माझी बॅटरी एका दिवसाचं ऊन एका रात्रीला.

पण या १०० वर्षांत साठवलेल्या विजेचं बटण पहिल्यांदाच रोह्यातल्या घरात आलंय. खर्च त्याचा आहे.